लहान मुलांचं बुबुळ प्रत्यारोपण: पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळाचा डोळा जन्मापासूनच पांढुरका दिसतो, किंवा धडधाकट मुलाच्या डोळ्याला मार लागून फूल पडतं, आणि डॉक्टर म्हणतात, "बुबुळ बदलावं लागेल." ओपीडीत वेळ कमी असतो. निम्मे प्रश्न घरी पोचल्यावर आठवतात, उरलेले आजी-आजोबा विचारतात. त्यातले नेहमी कानावर येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. लहान मुलांमध्ये शस्त्रक्रिया झाली की उपचार संपत नाही, खऱ्या अर्थाने सुरू होतो. पुढची बरीचशी उत्तरं शेवटी याच गोष्टीपाशी येतात.

बुबुळ बदलतात म्हणजे अख्खा डोळा बदलतात का?

नाही. डोळ्याच्या काळ्या भागावर जो पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. बोलीभाषेत आपण त्यालाच बुबुळ म्हणतो. तो धूसर झाला की उजेड आत नीट जात नाही. शस्त्रक्रियेत मधला धूसर भाग गोल कापून काढतात आणि नेत्रदानातून मिळालेली तेवढीच स्वच्छ चकती तिथे शिवतात. डोळ्याचा रंग बदलत नाही. मागचा पडदा आणि मेंदूकडे जाणारी नस मात्र बाळाचीच राहते. ती निकामी असेल तर नव्या बुबुळाने दिसायला लागत नाही.

एवढ्या लहान वयात फूल पडतंच कशामुळे?

काही मुलांचं बुबुळ गर्भातच नीट घडत नाही. पीटर्स अनॉमली, स्क्लेरोकॉर्निया ही त्यातली नावं तुमच्या केसपेपरवर दिसतील. काहींना बुबुळाच्या आतल्या थरातल्या पेशींचा आनुवंशिक आजार असतो. त्याला सीएचईडी म्हणतात. यात दोन्ही डोळे निळसर-पांढरे, दुधाळ दिसतात. प्रसूतीच्या वेळी चिमट्याचा दाब बसूनही बुबुळ धूसर होऊ शकतं.

जन्मजात काचबिंदू वेगळा ओळखायला हवा. डोळ्याचं प्रेशर वाढतं, डोळा मोठा होतो, पाणी येतं, बाळ उजेडाकडे बघत नाही. घरातले मात्र "किती टपोरे डोळे आहेत" म्हणून कौतुक करत राहतात आणि महत्त्वाचे आठवडे निघून जातात. इथे आधी काचबिंदूची शस्त्रक्रिया करून प्रेशर उतरवावं लागतं. ते वेळेत उतरलं तर पुष्कळदा बुबुळ आपोआप निवळतं आणि प्रत्यारोपणाची गरजच उरत नाही. म्हणून पांढुरका, मोठा, सतत पाणावलेला डोळा म्हणजे त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ.

जन्मानंतरची कारणं बहुतेक टाळता येण्यासारखी असतात. जंतुसंसर्ग, गोवर, अ जीवनसत्त्वाची कमतरता, विटीदांडू, धनुष्यबाण, कंपासचं टोक, फटाके, उसाचं पातं डोळ्यात जाणं. पानासोबतच्या चुन्याची पुडी तर फार वाईट. मूल ती दाबतं, दातांनी फोडायला जातं आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना अल्कली असल्याने आत आत शिरत जातो आणि बुबुळाच्या कडेच्या मूळ पेशीच जाळतो. या पेशी गेल्यावर नुसतं बुबुळ बदलून टिकत नाही. आधी दुसऱ्या डोळ्यातल्या निरोगी पेशी घेऊन त्यांचं रोपण करावं लागतं. त्याची स्लेट नावाची सोपी पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत विकसित झाली आणि २०१२ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

मूल जरा मोठं होऊ दे, मग करू. एवढी घाई कशाला?

हा प्रश्न प्रेमापोटी येतो, आणि त्यानेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

जन्माला आलेल्या बाळाला बघता येत नसतं, ते बघायला शिकतं. डोळ्याकडून स्पष्ट चित्र येत राहिलं तर मेंदूतला दृष्टीचा भाग घडतो. धूसरच चित्र येत राहिलं तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. पहिले काही महिने यासाठी सर्वांत नाजूक असतात आणि साधारण सात-आठ वर्षांपर्यंत हा धोका राहतो. पंधराव्या वर्षी बुबुळ स्वच्छ करून दिलं आणि डोळा जन्मापासून बंद खोलीसारखा राहिला असेल, तर आरपार दिसणाऱ्या त्या डोळ्यालाही अक्षर वाचता येत नाही.

दोन्ही डोळे जन्मतः पूर्ण पांढरे असतील तर बरेच सर्जन पहिल्या काही महिन्यांतच एका डोळ्याची शस्त्रक्रिया करायचं बघतात. डोळे सतत थरथरायला लागले, नजर ठरेनाशी झाली, तर उशीर होत चालल्याची ती खूण असते. उलट धूसरपणा हलका असेल, मूल वस्तू ओळखून पकडत असेल, सीएचईडीत असं असू शकतं, तर डॉक्टर स्वतःहून थांबायला सांगतील. ते थांबणं तपासणीवर ठरलेलं असतं आणि त्यात पुढच्या तारखा दिलेल्या असतात. "बघू पुढच्या वर्षी" हे तसं नसतं.

एकच डोळा खराब आहे, दुसरा चांगला आहे. तरी करायचं का?

याला एक उत्तर नाही, आणि सर्जनांमध्येही यावर मतं वेगळी आहेत. चांगल्या डोळ्यावर मूल शाळा शिकेल, नोकरी करेल. खराब डोळा जन्मापासूनचा असेल तर प्रत्यारोपणानंतरही मेंदू चांगल्याच डोळ्याचं ऐकतो. मग रोज तास न् तास पट्टी लावून झगडावं लागतं, आणि सगळं करूनही हाती थोडंच लागू शकतं. पण चार-पाच वर्षांपर्यंत नीट दिसणाऱ्या डोळ्याला मार लागून फूल पडलं असेल, तर मेंदूला बघायची सवय आधीच लागलेली असते. अशा मुलासाठी लवकर केलेली शस्त्रक्रिया फार मोलाची ठरते. डॉक्टरांना थेट विचारा: "हा तुमचा मुलगा असता तर केलं असतं का?" बहुतेक जण खरं सांगतात.

शस्त्रक्रिया टाळून दुसरं काही करता येतं का?

कधी कधी येतं, आणि विचारायलाच हवं. फूल मध्यभागी छोटं असून कडेचं बुबुळ स्वच्छ असेल तर बाहुली थेंबांनी मोठी ठेवतात, किंवा आतल्या रंगीत पडद्याला छोटी खिडकी करतात. तिला ऑप्टिकल इरिडेक्टमी म्हणतात. त्यात परक्याचं बुबुळ नसतं, त्यामुळे ते नाकारलं जाण्याची भीती नसते. वरवरच्या व्रणाला चष्मा किंवा विशिष्ट कॉन्टॅक्ट लेन्स पुरते. जिथे हे जमण्यासारखं आहे तिथे आमचा कल आधी याकडेच असतो.

आई किंवा बाबा आपलं बुबुळ देऊ शकतात का?

नाही. बुबुळ फक्त मृत्यूनंतरच्या नेत्रदानातून मिळतं. रक्तगट जुळवावा लागत नाही. ते विकत घेणं-देणं १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने गुन्हा आहे. कुणी पैसे घेऊन "लवकर मिळवून देतो" म्हणालं तर तिथून उठा.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीची माणसं बुबुळ काढून नेतात. दात्याच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस यांसाठी तपासणी होते. मग बुबुळाच्या आतल्या पेशी मोजतात. मुलासाठी या पेशी भरपूर असलेलंच बुबुळ निवडतात, कारण ते पुढे कितीतरी वर्षं टिकायला हवं. एमके नावाच्या द्रावात बुबुळ चार दिवस राहतं, कॉर्निसोलसारख्या द्रावात चौदा दिवसांपर्यंत. त्यामुळे फोन अचानक येऊ शकतो. यादीत नाव असेल तर फोन चालू ठेवा आणि मुलाला सर्दी-ताप असल्यास लपवू नका. सर्दीत भूल देणं धोक्याचं असतं.

लहान मुलाला लहान मुलाचंच बुबुळ लागतं का?

लागत नाही. अगदी तान्ह्या दात्याचं बुबुळ फार मऊ आणि जास्त वक्र असतं, शिवायला अवघड जातं आणि चष्म्याचा नंबर भलताच येतो. म्हणून बहुतेक वेळा तरुण प्रौढाचं वापरतात. उलट दिशेचं एक उदाहरण मात्र इतिहासात आहे. माणसावरचं पहिलं यशस्वी बुबुळ प्रत्यारोपण ७ डिसेंबर १९०५ रोजी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स इथे केलं. रुग्ण चुन्याने डोळे भाजलेला प्रौढ कामगार होता, आणि बुबुळ अकरा वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यातून घेतलं होतं. इजेमुळे त्या मुलाचा तो डोळा काढावा लागला होता.

शस्त्रक्रियेआधी इतक्या तपासण्या आणि दर वेळी भूल कशासाठी?

मोठा माणूस हनुवटी टेकवून यंत्रासमोर बसतो. वर्षाचं बाळ बसत नाही. त्यामुळे प्रेशर, बुबुळाचा आकार, बाहुली, भिंग हे सगळं थोडी भूल देऊन एकदम बघतात. बुबुळातून मागचं दिसत नसल्यामुळे सोनोग्राफी करून पडदा जागेवर आहे की नाही ते तपासतात. पीटर्स अनॉमलीसारख्या आजारात हृदय, वाढ, ऐकणं हेही बालरोगतज्ज्ञ तपासतात. भूल द्यायच्या आधी सहसा वरचं दूध आणि खाणं सहा तास, अंगावरचं दूध चार तास आणि साधं पाणी दोन तास बंद असतं. या वेळा काटेकोर पाळा. "रडत होतं म्हणून दोन घोट दूध पाजलं" हे कुणी लपवलं तर ते दूध फुप्फुसात जाऊ शकतं.

शस्त्रक्रियेत नेमकं अवघड काय असतं?

नवजात बाळाचं बुबुळ जेमतेम दहा मिलिमीटर रुंद असतं, मोठ्यांचं साडेअकरा ते बारा. लहान मुलाच्या डोळ्याची भिंत मऊ असते. मधली चकती काढली की डोळा बसायला लागतो आणि आतलं भिंग पुढे येऊ पाहतं. म्हणून भिंतीला आधार म्हणून धातूची एक कडी तात्पुरती शिवतात, आणि नवं बुबुळ शक्य तितक्या झटपट जागेवर आणतात. टाके केसाहून बारीक नायलॉनचे असतात, बहुधा सोळा, प्रत्येक सुटा.

पूर्ण जाडीचं बुबुळ दर वेळी बदलावं लागत नाही. सीएचईडीत फक्त आतला पातळ थर बदलण्याची पद्धत आता रुळली आहे. त्यात टाके अगदी कमी आणि डोळा भक्कम राहतो. आतला थर निरोगी आणि व्रण वरच्या थरात असेल तर उलटं, वरचेच थर बदलतात. तुमच्या मुलाला कोणती पद्धत लागू आहे ते नावानिशी विचारा आणि केसपेपरवर लिहून घ्या.

टाके कधी काढतात?

मोठ्यांचे टाके वर्षभरही ठेवतात. मुलांची जखम लवकर भरते आणि टाके लवकर सैल होतात. तान्ह्या बाळाचे महिना-दीड महिन्यात काढायला सुरुवात होते, शाळकरी मुलांचे काही महिन्यांनी. तेही पुन्हा भूल देऊनच.

सैल टाका ही तातडीची बाब आहे. त्यावर चिकट स्राव साचतो, जंतू शिरतात, नव्या रक्तवाहिन्या बुबुळाकडे धावतात आणि बुबुळ नाकारलं जाण्याचा रस्ता उघडतो. मोठा माणूस "टोचतंय" म्हणतो, बाळ सांगत नाही. त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत दर एक-दोन आठवड्यांनी बोलावतात. घर लांब असेल, मजुरी बुडत असेल, तर हे शस्त्रक्रियेच्या आधी बोला. जवळचा नेत्रतज्ज्ञ मधल्या तपासण्या करू शकतो का, याची सोय तेव्हाच लावता येते.

थेंब टाकताना बाळ थयथयाट करतं. काय करू?

जमिनीवर पाय लांब करून बसा. बाळाला उताणं झोपवा, डोकं तुमच्या दोन मांड्यांच्या मध्ये, पाय तुमच्या पावलांकडे. त्याचे हात तुमच्या मांड्यांखाली हलके दाबून ठेवा. हात धुतलेले हवेत. डोळा जबरदस्तीने उघडू नका, दाबूही नका. मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब टाका आणि थांबा. बाळ पापणी उघडेल तेव्हा औषध आत जाईल. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर. स्टेरॉईडचे पांढरट थेंब तळाशी बसतात, ते दर वेळी चांगले हलवा. न हलवता टाकले तर सुरुवातीचे नुसतं पाणी आणि शेवटचे घट्ट औषध असं होतं.

सुरुवातीला हे थेंब दर तासाला असू शकतात. एकटी आई हे पेलू शकत नाही. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी पहिल्या दिवसापासून शिकून घ्या, आणि वेळांचा कागद भिंतीवर चिकटवा.

नवं बुबुळ शरीराने नाकारलं हे कसं ओळखायचं?

लालपणा, पाणी, उजेड सहन न होणं, पुन्हा धूसर होणं. बोलता न येणारं मूल खिडकीकडे पाठ करून बसतं, उन्हात एक डोळा मिटतं, खेळ सोडून आईच्या खांद्यात तोंड खुपसतं. रोज सकाळी त्याच जागी, त्याच उजेडात फोनवर डोळ्याचा फोटो काढा आणि कालच्याशी ताडून बघा. फरक वाटला तर त्याच दिवशी निघा. रविवार असला तरी. वेळेत उपचार झाले तर बुबुळ वाचू शकतं.

मुलांची प्रतिकारशक्ती तडफदार असते, त्यामुळे हा धोका मोठ्यांपेक्षा त्यांना जास्त. स्टेरॉईड त्यासाठीच, पण त्यानेच प्रेशर वाढू शकतं आणि मोतीबिंदू होऊ शकतो. म्हणून मनाने बंद करू नका आणि मेडिकलमधून परस्पर बाटल्या आणून वर्षानुवर्षं चालूही ठेवू नका. लसी चुकवायच्या नाहीत. फक्त लसीची तारीख डोळ्याच्या डॉक्टरांना आधी कळवा.

बुबुळ स्वच्छ झालं, मग चष्मा आणि पट्टी कशाला?

टाक्यांमुळे नंबर येतो, तो चष्म्याने काढला नाही तर चित्र पुसटच राहतं. आणि आळशी डोळ्याला कामाला लावायला चांगल्या डोळ्यावर ठराविक तास पट्टी लावावी लागते. मूल ती ओढून काढणार, रडणार. पट्टीची वेळ त्याच्या आवडीच्या गोष्टीला जोडा: जेवताना, चित्रं रंगवताना, आजोबांबरोबर बसताना. बरेच पालक थेंब न चुकता टाकतात आणि पट्टीवर हार मानतात. बुबुळ स्वच्छ, पण नजर नाही, असं होण्याचं हे मोठं कारण आहे.

यशाची खात्री किती?

खात्री कुणीही देऊ नये. आजारावर फार अवलंबून असतं. सीएचईडी आणि बऱ्या झालेल्या जखमेचा व्रण यांत निकाल तुलनेने चांगले असतात. भिंग बुबुळाला चिकटलेली पीटर्स अनॉमली, स्क्लेरोकॉर्निया, काचबिंदूची जोड, रक्तवाहिन्या भरलेलं बुबुळ यांत कमी. पुन्हा प्रत्यारोपण करता येतं, पण दर खेपेला शक्यता घटते. आणि यश म्हणजे फळ्यावरचं वाचता येणंच असं नाही. दोन्ही डोळ्यांनी काही न दिसणाऱ्या मुलाला दार कुठे आहे हे कळलं, आईचा चेहरा दिसला, स्वतः ताट शोधता आलं, तर त्याचं आयुष्य बदलतं.

खर्चाचं काय?

बुबुळाची किंमत नसते. तपासणी आणि साठवणीचा खर्च नेत्रपेढी आकारू शकते. धर्मादाय नेत्र रुग्णालयात खर्च बराच कमी होतो. अंगणवाडीत किंवा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्याकडून पुढच्या उपचारासाठी चिठ्ठी घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या मुलाची शस्त्रक्रिया बसते का, हे दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. हिशेब करताना थेंब, चष्मे, पुन्हा पुन्हा भूल आणि एसटीचं भाडं धरा. पुढच्या दोन-तीन वर्षांत खरा पैसा तिथे जातो.

शाळा, खेळ, सणवार?

शाळा जरूर. पुढच्या बाकावर बसवा आणि वर्गशिक्षकांना कल्पना द्या. शिवलेली जागा पुन्हा पहिल्याइतकी मजबूत कधीच होत नाही. जोराचा फटका अनेक वर्षांनीही ती उघडू शकतो. म्हणून पॉलिकार्बोनेटचा न फुटणारा चष्मा दिवसभर, आणि सुरुवातीचे महिने झोपताना डोळ्यावर ढाल. कबड्डी, कुस्ती नको. धावणं, झोका, चित्रकला चालेल. रंगपंचमीला घरातच, दिवाळीत फटाक्यांपासून लांब.

पुढच्या बाळालाही होईल का?

मार किंवा संसर्गाने झालं असेल तर नाही. सीएचईडी आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आल्यावर होतो, त्यामुळे दर गरोदरपणात चारात एक शक्यता राहते. मामाच्या मुलीशी लग्नासारख्या नात्यातल्या लग्नांत तो जास्त दिसतो. यात आईचा दोष नाही, ग्रहणाचाही नाही. पुढच्या बाळाआधी जनुकीय सल्ला घ्या. या आजारात काही मुलांचं ऐकणं पुढे कमी होतं, म्हणून कानाची तपासणीही वरचेवर करून घ्या.

हे टाळायला घरी काय करता येईल?

गोवर-रुबेलाची लस चुकवू नका. नवव्या महिन्यापासून पाचव्या वर्षापर्यंत अ जीवनसत्त्वाचे नऊ डोस सरकारी केंद्रात मोफत मिळतात. चुन्याची पुडी मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. चुना उडालाच तर तिथल्या तिथे, दवाखान्यात निघण्याआधी, स्वच्छ पाण्याची धार अर्धा तास डोळ्यावर सोडा, पापणी उलटी करून चुन्याचे कण काढा आणि मगच निघा. दुखऱ्या डोळ्यात मध, दूध, एरंडेल, तूप, काजळ काहीही नको. पाल्यापाचोळ्याने लागलेल्या डोळ्यात विचारल्याशिवाय स्टेरॉईडचे थेंब तर मुळीच नकोत, कारण त्याने बुरशीचा संसर्ग झपाट्याने पसरतो.

पहिल्या भेटीला जाताना काय न्यायचं?

जन्माचे कागद, लसीकरणाचं कार्ड, आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि चालू औषधांच्या बाटल्या. रेशन कार्ड आणि आधार, योजनेसाठी. फोनमधले बाळाचे अगदी पहिल्या दिवसापासूनचे फोटो वेगळे काढून ठेवा. पांढुरकेपणा जन्मतः होता की नंतर आला, डोळा कधीपासून मोठा दिसायला लागला, हे त्या फोटोंवरून डॉक्टरांना पुष्कळदा कळतं. भावंडांच्या डोळ्यांत काही असेल तर त्यांनाही बरोबर न्या. आणि बाळाला उपाशी ठेवायचं की नाही ते आदल्या दिवशीच फोन करून विचारा.